गंडमाळ : राजाच्या हातापासून सुईच्या टोकापर्यंत

अंगावर उठणाऱ्या गाठींसाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत. पायात काटा मोडला, जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. जखम सुकली की अवधाण आपोआप बसते. दुसरा शब्द गंडमाळ. मानेवर एकीला चिकटून एक अशा गाठी उठतात. त्या फारशा दुखत नाहीत, महिनोन् महिने बसत नाहीत, आणि एखादी मऊ होऊन फुटली की वर्षवर्ष वाहत राहते. मागे उरतो तो सुरकुतलेला, आत ओढलेला वण.

या दोन शब्दांत एक निदान दडलेले आहे. अवधाणाचे कारण डोळ्यांसमोर असते, जखम दिसते. गंडमाळेचे कारण दिसत नाही. म्हणून अवधाणाला कोणी घाबरले नाही आणि गंडमाळेमागे मात्र शाप, कर्म, रक्तदोष, घराण्याचा वारसा अशा अनेक गोष्टी लावल्या गेल्या. मानेवरची गाठ नेमकी कशाची, हा प्रश्न विचारायला माणसाला किमान दोन हजार वर्षे लागली असे नाही. प्रश्न पहिल्यापासून होताच. कमी होते ते गाठीच्या आत पाहण्याचे साधन. आज ते साधन म्हणजे इंजेक्शनची साधी बारीक सुई. दवाखान्यांत तिच्या तपासणीला 'एफएनएसी' म्हणतात आणि रुग्ण म्हणतात, "गाठीतलं पाणी काढलं." ही सुई गाठीपर्यंत कशी पोहोचली आणि काचेवर उतरलेला थेंब खरोखर काय सांगतो, याचा हा शोध.

माशाच्या अंड्यांचे घोस

आपल्या वैद्यकात या गाठींचे निरीक्षण फार बारकाईने झालेले आहे. चरकसंहितेत गळ्याशी एकच गाठ असेल तर गलगंड आणि अनेक असतील तर गंडमाला असा भेद केला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांच्यासाठीच आहे. त्यात अपचीचे वर्णन येते. आवळ्याच्या बीएवढ्या गाठी माशाच्या अंड्यांच्या घोसासारख्या एकत्र येतात, काही पिकून वाहतात, काही नाहीशा होतात, तोवर नव्या उठतात, आणि हे वर्षानुवर्षे चालते. आजचे शल्यविशारद तपासणीच्या कागदावर 'मॅटेड' असा शब्द लिहितात, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या गाठी. त्यांना माशाच्या अंड्यांच्या घोसाहून चपखल उपमा क्वचितच सापडेल.

या वर्णनात एक महत्त्वाची गोष्ट नोंदली गेली आहे. गाठी स्वतःहून कमी-जास्त होतात. युरोपातील एक विलक्षण प्रथा याच गुणधर्मावर कित्येक शतके तगून राहिली.

इंग्लंड आणि फ्रान्समध्ये गंडमाळेला 'राजरोग' म्हणत. आपल्याकडेही क्षयाला राजयक्ष्मा म्हणतात, पण तिकडचा अर्थ वेगळा होता. अभिषिक्त राजाने हात लावला की हा रोग बरा होतो, अशी तिथे श्रद्धा होती. दुसऱ्या चार्ल्सने आपल्या कारकिर्दीत ९०,०००हून अधिक लोकांना असा स्पर्श केला, असे त्या काळच्या नोंदींवरून सांगितले जाते. १७१२ साली अडीच वर्षांच्या एका मुलाला लंडनला राणी ॲनपुढे नेण्यात आले. राणीने त्याला स्पर्श करून गळ्यात सोन्याचे पदक घातले. हाच मुलगा पुढे इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन म्हणून ओळखला गेला. ते पदक त्याने जन्मभर जपले. गंडमाळेचे वणही जन्मभर राहिले. १७१४ मध्ये राणी ॲन वारली आणि इंग्लंडमधली ही प्रथा तिच्याबरोबर संपली. फ्रान्समध्ये दहाव्या चार्ल्सने १८२५ साली राज्याभिषेकानंतर ती शेवटची पाळली.

हा सगळा भाबडेपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण गाठींचा क्षय मुळात मंद आजार. तो चढतो, उतरतो, काही जणांत उपचाराविना शमतोही. स्पर्शानंतर ज्यांची गाठ बसली त्यांनी राजाचे गुण गायले. ज्यांची बसली नाही ते परत दरबारात सांगायला आले नाहीत. 'गाठ बसली म्हणजे उपाय बरोबर होता' हा तर्क तेव्हा जितका पोकळ होता तितकाच आजही आहे. त्याकडे पुढे परत यावे लागेल.

दोन रोग की एक?

एकोणिसाव्या शतकात वाद वेगळ्याच ठिकाणी अडला. फुप्फुसाचा क्षय आणि मानेवरची गंडमाळ हे एकच की दोन? रेने लाएनेकने शवविच्छेदनांच्या आधारे क्षयाची विविध रूपे एकाच रोगाची आहेत असे मत मांडले. बर्लिनच्या रुडॉल्फ विरशोसारख्या दिग्गजाला ते मान्य नव्हते. गाठीतला पनीरासारखा भुसभुशीत मगज आणि क्षयाची बारीक गुठळी यांना तो वेगळ्या गोष्टी समजत होता. १८६५ मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर झाँ-आंत्वान विलमँने क्षयाचा मगज सशांना टोचून त्यांना क्षय झाल्याचे दाखवले. रोग संसर्गाचा आहे हे त्यातून दिसत होते, पण फार थोड्यांनी ते मनावर घेतले. १८६८ मध्ये थिओडोर लांगहान्सने क्षयाच्या गुठळीत आढळणाऱ्या महाकाय पेशींचे वर्णन केले. त्यांच्या कडेला केंद्रके घोड्याच्या नालासारखी ओळीने मांडलेली असतात. आजही काचेवर त्या दिसल्या की तपासणारा सावध होतो.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सादर केला. त्याने तपासलेल्या नमुन्यांत गंडमाळेच्या गाठीही होत्या आणि त्यांतही तोच जंतू होता. दोन रोगांचा वाद तिथे संपला. पॉल अर्लिखने त्याच वर्षी दाखवले की हा जंतू एकदा रंगला की आम्लाने धुतला तरी रंग सोडत नाही. फ्रान्झ झील आणि फ्रीडरिश नेल्सेन यांनी ही रंगपद्धत सुधारली. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दाखवणारी झील-नेल्सेन पद्धत आजही तालुक्याच्या प्रयोगशाळांत रोज वापरली जाते.

योगायोग असा की १८८२ सालीच लंडनचे शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांचे गंडमाळ आणि तिच्या गाठींवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. जंतू सापडला तरी औषध नव्हते, त्यामुळे गाठी कापून काढणे हाच पुढे कित्येक दशके मुख्य उपाय राहिला. निदान आणि उपचार दोन्ही सुरीनेच होत. गाठ कशाची हे कळायचे तर ती कापावी लागे, आणि कापली की मानेवर वण राहत असे. गाठीचा क्षय तरुण वयात, त्यातही तरुण स्त्रियांत अधिक आढळतो. मुलीच्या मानेवरचा वण म्हणजे घरातल्या रोगाची उघडी नोंद होती. लग्न जमवताना तो वण किती घरांत झाकला गेला असेल, हे सांगायला नको.

प्लेगची गाठ आणि पुण्यातील हात

गाठीत सुई घालण्याची कल्पना मात्र क्षयातून आली नाही, आणि कर्करोगातूनही नाही. ती साथीच्या रोगांतून आली. त्यातला एक अध्याय आपल्याच भूमीवर घडला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ग्रंथिक प्लेग ओळखला. जांघेत, काखेत, मानेत येणारी गाठ हे त्याचे मुख्य लक्षण. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये कामाला लागले. १८९७ मध्ये जर्मन प्लेग आयोगाच्या कामासाठी स्वतः कॉखही मुंबईत आले. प्लेगच्या गाठीत सुई घालून काढलेला रस काचेवर पसरला आणि रंगवला की जंतूंची दाटी दिसे. गाठ न कापता तिच्या आतले पाहता येते, हे इथे स्पष्ट झाले.

पण त्या दिवसांत सर्वसामान्य माणसाने अनुभवली ती सुई नव्हे, तर परक्यांच्या हातांनी केलेली झडती. रेल्वे स्थानकांवर उतारूंच्या काखा, जांघा चाचपल्या गेल्या. पुण्यात रँडच्या कारभारात गोरे सैनिक घरांत शिरले. बायकांच्या तपासणीवरून उसळलेला संताप आणि २२ जून १८९७ रोजी झाडलेल्या गोळ्या हा इतिहास मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. राजाच्या हाताला गंडमाळेचे रोगी स्वतः मान देत होते. पुण्यातल्या हातांना कोणीही संमती दिली नव्हती. आणि निव्वळ चाचपून प्लेगची गाठ, अवधाण आणि गंडमाळ यांत खात्रीने भेद करता येत नाही. त्यामुळे नुसत्या गाठीवरून ज्याला रुग्णालयात किंवा विलग छावणीत धाडले तो प्लेगचाच रोगी असेल असे नव्हते. खात्रीचा पुरावा नसताना कृती केली की तिची किंमत ज्याला गाठ असते तोच मोजतो.

एन्टेबेहून न्यू यॉर्कला

यानंतरचा टप्पा आफ्रिकेत आहे. निद्रारोगात मानेच्या मागच्या बाजूला गाठी येतात, हे १८०३ साली थॉमस विंटरबॉटम या इंग्रज डॉक्टरने नोंदवले होते. गुलामांचा व्यापार करणारे लोक माणसांच्या माना चाचपून पाहत आणि गाठ असलेला माणूस नाकारत, असेही त्याने लिहून ठेवले आहे. १९०४ साली युगांडात काम करणारे दोन लष्करी डॉक्टर, भारतीय वैद्यकीय सेवेतील ई. डी. डब्ल्यू. ग्रेग आणि त्यांचे सहकारी ए. सी. एच. ग्रे यांनी या गाठींत सुई घालून रस काढला. निद्रारोगाचे परजीवी त्यांत वळवळताना दिसले. रक्तात शोधण्यापेक्षा गाठीत शोधणे सोपे ठरले. लसिकाग्रंथीत सुई घालून रोगनिदान करण्याच्या पद्धतशीर वापराची सुरुवात बहुतेक अभ्यासक इथूनच धरतात.

१९२१ मध्ये अमेरिकेतील गथ्री या डॉक्टरने 'ग्रंथिवेध' हा निदानाचा उपाय म्हणून मांडला आणि वेगवेगळ्या आजारांत गाठीतल्या पेशी कशा दिसतात हे ताडून पाहिले. १९३० मध्ये न्यू यॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील शल्यविशारद हेज मार्टिन आणि तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांचा गाजलेला निबंध आला. मार्टिन डोके आणि मान यांच्या कर्करोगाचे शल्यविशारद होते, म्हणजे त्यांच्यापुढे रोज मानेवरच्या गाठी येत. १८ नंबरची जाड सुई, सिरिंजने निर्माण केलेली पोकळी आणि काचेवर पसरलेला मगज, अशी त्यांची रीत. तीन वर्षांनी त्याच रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट फ्रेड स्ट्यूअर्ट यांनी या पद्धतीच्या बाजूने सविस्तर लिहिले.

तरीही अमेरिकेत ही पद्धत फारशी पसरली नाही. पॅथॉलॉजिस्ट मंडळींना उतींचा अखंड तुकडा लागे. सुट्या पेशींवर विश्वास बसत नव्हता. शल्यविशारदांना वेगळीच भीती होती. सुई लावली तर रोग तिच्या वाटेने पसरेल, असे त्यांना वाटे. आपल्याकडे गावात आजी "गाठीला सुई लावू नका, कॅन्सर होतो" असे सांगते, तेव्हा शिकलेली नातवंडे हसतात. पण काही दशकांपूर्वी अमेरिकेतले नामांकित शल्यविशारद जवळपास याच भीतीने सुईपासून दूर राहिले होते.

स्टॉकहोमची बारीक सुई

भीती ओसरली ती युरोपात. १९५०च्या दशकापासून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयातील रेडियमहेमेट या कर्करोग विभागात सिक्स्टेन फ्रान्झेन आणि योसेफ झायिचेक यांनी सुई बदलली. जाड सुईऐवजी २२ नंबरची, म्हणजे हातावरच्या इंजेक्शनसारखी बारीक सुई. भूल नको, टाका नको, वण नाही. फ्रान्झेनने सिरिंज एका हाताने ओढता येईल अशी मूठ तयार केली. त्यामुळे दुसऱ्या हाताची दोन बोटे गाठ धरून ठेवायला मोकळी झाली.

त्याहून मोठा बदल माणसांच्या कामात झाला. तिथे जो डॉक्टर रुग्णाची गाठ चाचपत असे, तोच सुई घालत असे आणि तोच काच वाचत असे. बोटाला गाठ कशी लागली, सुई आत शिरताना वाळूत शिरल्यासारखी वाटली की लोण्यात, बाहेर आले ते रक्त होते की पिवळट मगज, हे सारे त्याच्या ध्यानात असताना तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावी. सुईने कर्करोग पसरतो का, याचा खास अभ्यास स्टॉकहोमच्या गटाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. बारीक सुईबद्दलच्या सरसकट भीतीला त्यातून आधार मिळाला नाही. १९७४ मध्ये झायिचेकच्या ग्रंथाचा पहिला भाग आला आणि ही विद्या जगभर शिकवली जाऊ लागली.

साथीच्या रोगांसाठी जन्मलेली सुई अशी कर्करोगाच्या विभागात वाढली. भारतात आली ती कर्करोगाचे हत्यार म्हणूनच. १९७० आणि १९८०च्या दशकांत मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत तिचा वापर रुळला. पण इथे मानेच्या गाठींच्या काचांवर वारंवार दिसू लागला तो क्षय. सुई फिरून पुन्हा संसर्गाकडे आली.

काचेवर काय दिसते

रुग्ण खुर्चीवर बसतो. तपासणारा गाठ दोन बोटांत पकडतो, स्पिरिटने पुसतो, सुई आत घालतो, सिरिंजचा दट्ट्या ओढतो आणि सुई तीन-चार दिशांनी पुढे-मागे हलवतो. बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडून देतो, नाहीतर मगज सुईत न राहता सिरिंजमध्ये उडतो. मग थेंब काचेवर टाकून दुसऱ्या काचेने पसरतो. एक काच हवेत सुकवून गीम्सासारख्या रंगात जाते, एक लगेच अल्कोहोलमध्ये बुडते, एक झील-नेल्सेनसाठी राहते. शस्त्रक्रियागृह लागत नाही. काही मिनिटांत रुग्ण घरी जायला मोकळा होतो.

क्षयाच्या काचेवर तीन गोष्टी शोधतात. पहिली, एपिथेलिऑइड पेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा. या पेशींची केंद्रके लांबट आणि मध्ये किंचित दबलेली, वहाणेच्या तळव्यासारखी दिसतात. दुसरी, लांगहान्सच्या महाकाय पेशी. तिसरी, पनीरासारख्या मगजाचा कणीदार, बिनआकाराचा राडा. आणि या तिन्हींच्या पलीकडे, प्रत्यक्ष जंतू.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पुंजके, महाकाय पेशी आणि मगज हा रोगाचा चेहरा नव्हे. शरीराने रोगाला दिलेले ते उत्तर आहे. जंतू शोधायला गेले की गणित उलटे निघते. जिथे ग्रॅन्युलोमा सुबक बांधलेले असतात तिथे जंतू फार कमी सापडतात. जिथे ग्रॅन्युलोमा नाहीत आणि नुसता मगज किंवा पू आहे, तिथे ते सर्वाधिक सापडतात. शरीराची फळी मजबूत असते तोवर शत्रू दिसत नाही. फळी कोसळली की तो सर्वत्र दिसतो.

एचआयव्हीच्या साथीने हे फार कठोरपणे शिकवले. भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत आढळला. पुढच्या दशकात मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत अशा रुग्णांच्या गाठींचे नमुने येऊ लागले. प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांच्या काचेवर ग्रॅन्युलोमा नीट बांधलेला नसायचा, कधी तो नसायचाच, आणि जंतू मात्र ढिगाने असायचे. गीम्साच्या साध्या रंगातही ते ओळखू येत. जंतूची मेणचट भिंत रंग घेत नाही, म्हणून रंगीत पार्श्वभूमीवर बारीक पांढऱ्या रेघा उमटतात. जंतू तिथे त्याच्या न रंगण्यावरून दिसतो.

'ग्रॅन्युलोमा' म्हणजे क्षयच का?

अहवालावर बऱ्याचदा 'ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस' असे शब्द असतात आणि खाली 'क्षयाशी सुसंगत' अशी ओळ. घरात या दोन ओळींचे एकच भाषांतर होते : टीबी निघाला. पण सारकॉइडोसिसमध्ये ग्रॅन्युलोमा दिसतात. काही बुरशींच्या संसर्गात, मांजराच्या ओरखड्यातून होणाऱ्या आजारात दिसतात. हॉजकिन लिम्फोमासारख्या कर्करोगाच्या गाठीतही कधीकधी दिसतात. आपल्या देशात क्षय इतका आहे की ग्रॅन्युलोमाचा कौल बहुधा क्षयाच्या बाजूने खरा ठरतो. पण 'बहुधा' हा शब्द ज्याच्या बाबतीत खोटा ठरतो, त्याचे नुकसान मोठे असते. लिम्फोमाच्या रुग्णाला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या तर खऱ्या उपचाराचे महिने वाया जातात. लिम्फोमाच्या गाठीही काही वेळा आपोआप कमी-जास्त होतात, त्यामुळे "गोळ्यांनी गाठ थोडी बसली" हा पुरावा होत नाही. राजाच्या स्पर्शाचा तर्क इथे परत डोके वर काढतो.

उलट बाजूही आहे. योग्य औषध चालू असताना क्षयाच्या काही रुग्णांची गाठ काही आठवडे वाढते किंवा नवी गाठ उठते. मरणाऱ्या जंतूंना शरीराने दिलेला हा उशिराचा प्रतिसाद असतो. अशा वेळी घाबरून औषध सोडले जाते. कोणी औषधे चालत नाहीत असे समजून ती बदलतो. पहिल्याच दिवशी जंतूची आणि त्याच्या औषधप्रतिकाराची नोंद झालेली असेल तर या वेळी निर्णय सोपा होतो. नसेल तर पुन्हा अंधारात चाचपणे आले.

क्षयाची औषधे १९४४च्या स्ट्रेप्टोमायसिनपासून आली, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, पुढे रिफाम्पिसिन. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने मुलांच्या गाठींच्या क्षयावर सहा महिन्यांच्या अल्पकालीन उपचारांचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध केले आणि सुरीची गरज आणखी कमी झाली. औषध चांगले झाले हे खरे. पण चांगल्या औषधाने एक वाईट सवयही लावली. तपासणीपेक्षा गोळ्या सुरू करणे सोपे वाटू लागले. भारतातील क्षयाच्या रुग्णांपैकी साधारण पाचवा हिस्सा फुप्फुसाबाहेरच्या क्षयाचा, आणि त्यात लसिकाग्रंथींचा वाटा सर्वांत मोठा. एवढ्या मोठ्या संख्येबाबत अंदाजाने चालणे परवडणारे नाही.

थेंबाचे दोन वाटे

रंगवलेल्या काचेवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. गाठीत इतके बहुधा नसतात. जंतू वाढवून पाहण्याची पद्धत याहून तीक्ष्ण, पण त्याला कित्येक आठवडे लागतात. जीनएक्स्पर्ट या यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१०मध्ये मान्यता दिली. मिलिलिटरमागे सव्वाशे-दीडशे जंतू असले तरी ते त्यांचा डीएनए पकडते आणि दोन तासांच्या आसपास रिफाम्पिसिन चालेल की नाही तेही सांगते. गाठीच्या नमुन्यांसाठी त्याची शिफारस २०१३ मध्ये झाली. भारतासाठी फुप्फुसाबाहेरील क्षयाची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये आली, तीही गाठीच्या सुईतपासणीत पेशीतपासणीच्या जोडीला ही चाचणी करायला सांगतात. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र याच जातीचे. त्याला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली.

म्हणजे आता सुईचा थेंब दोन वाट्यांत विभागावा लागतो. एक वाटा काचेसाठी, शरीराचे उत्तर वाचायला. दुसरा यंत्रासाठी आणि जंतू वाढवण्यासाठी, रोगाचे नाव आणि त्याला कोणते औषध चालेल हे विचारायला. दोन्ही लागतात. नुसत्या यंत्राला लिम्फोमा दिसत नाही. नुसत्या काचेला औषधप्रतिकार दिसत नाही.

यात साध्या निष्काळजीपणाने घात होतो. गाठ कापून काढली तर ती सवयीने संपूर्ण फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली जाते. फॉर्मॅलिन पेशी टिकवते आणि जंतू मारते. त्यातून जंतू वाढवणे मग शक्यच राहत नाही. अर्धा भाग साध्या सलाइनमध्ये ठेवला असता तर ते झाले असते. सुईच्या बाबतीतही तेच. सगळा थेंब काचेवर पसरला तर यंत्राला देण्यासारखे उरत नाही. त्यासाठी सुई सलाइनने धुऊन ते पाणी जपले तरी उपयोग होतो. यासाठी लागणारा खर्च नगण्य आहे. लागते ती आधी केलेली आठवण.

म्हणून मानेवरची गाठ घेऊन दवाखान्यात जाणाऱ्याने, किंवा त्याला घेऊन जाणाऱ्या नातेवाइकाने, दोन प्रश्न विचारायला संकोचू नये. गोळ्या सुरू करण्याआधी सुईची तपासणी होणार आहे का? आणि काढलेल्या नमुन्यातला काही भाग जीनएक्स्पर्ट किंवा ट्रूनॅटला, जंतूंच्या वाढीसाठी जाणार आहे का? हे प्रश्न डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हेत. चांगला डॉक्टर ते ऐकून सुखावतोच.

सुश्रुताच्या वैद्याकडे डोळे आणि बोटे होती, आणि त्याने त्यांचा पुरेपूर उपयोग केला. इंग्लंडच्या राजांकडे फक्त हात होता. रँडच्या सैनिकांकडे हात आणि हुकूम होता. आज जिल्हा रुग्णालयातल्या टेबलावर काही रुपयांची सुई असते, आणि तिच्या टोकाशी येणारा थेंब या सर्वांना न मिळालेले उत्तर देऊ शकतो. तो थेंब विचारल्याशिवाय बोलत नाही, एवढेच.